सृष्टीचा जमाखर्च आणि प्राथमिक शाळा

मिळकतीबाहेर खर्च करूं नये, आणि वडिलांनीं मागें ठेवलेलें भांडवल वाढवितां आलें नाहीं तरी निदान न घटवितां मुलांच्या हातीं द्यावें, हें संसाराचें तत्त्व आपल्या समाजांतील अगदीं निरक्षर माणसासही मान्य आहे. घरांत कितीही ओढगस्त असली तरी पेरणीसाठीं राखलेलें बियाणें दळून खाणाऱ्यास शेजारीपाजारी बोल लावल्यावांचून राहत नाहींत. हेंच तत्त्व पाणी, माती, रान आणि रानांतील जीवजंतु यांस लावणें, यालाच अलीकडे ‘पर्यावरणाची शाश्वतता’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. नॉर्वे देशाच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगानें सन १९८७ च्या आपल्या अहवालांत शाश्वत विकासाची जी व्याख्या केली, तिचा मथितार्थ इतकाच कीं, आजच्या पिढीनें आपल्या गरजा भागवितांना उद्यांच्या पिढीच्या तोंडचा घास काढून घेऊं नये. शब्द नवे असले तरी विचार आपल्या ओळखीचा आहे.

हा विचार लहान मुलांस शिकवावा कीं नाहीं, हा प्रश्न आतां उरलेला नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें सन १९९१ मध्यें पर्यावरणाचें शिक्षण शाळांतून सक्तीनें देण्याविषयीं आदेश दिला, व सन २००३ मध्यें त्याच्या अंमलबजावणीबद्दल पुन्हां बजाविलें. महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांतून ‘परिसर अभ्यास’ हा विषय तर मुलें कित्येक वर्षें शिकत आलीं आहेत. प्रश्न उरतो तो, हें शिक्षण कोणत्या रीतीनें द्यावें, हा. पुष्कळ ठिकाणीं हल्लीं त्याची रीति अशी दिसते: जून महिन्याच्या पांच तारखेच्या सुमारास प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, पाहुण्यांच्या हस्तें एक रोप लावलें जातें, आणि पुढील वर्षीं बहुधा त्याच खड्ड्यांत दुसरें रोप लावण्याची पाळी येते. वर्गांत मुलें ध्रुवावरील वितळणाऱ्या बर्फाचें चित्र काढतात. परंतु शाळेमागील ओढा मार्गशीर्षांत आटतो कीं फाल्गुनांत, हें त्यांस कोणी विचारीत नाहीं. दिव्याखालीं अंधार म्हणतात तो हाच. जुन्नर व आंबेगांव या पुणें जिल्ह्यांतील दोन तालुक्यांपुरतें बोलावयाचें तर हें विशेष खेदाचें आहे. कारण या विषयाचें सगळें पुस्तक येथें शाळेच्या खिडकीबाहेर उघडें पडलेलें आहे.

या दोन तालुक्यांची रचनाच पाहा. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, भीमाशंकर, आहुपें, नाणेघाट, माळशेज. तेथें पावसाळ्यांत आभाळ फाटल्यासारखें कोसळतें. पूर्वेस बेल्हें किंवा लोणी-धामणी या बाजूस जावें तों पाऊस इतका कमी होतो कीं, ज्वारी-बाजरीसही आभाळाकडे पाहत बसावें लागतें. मधल्या पट्ट्यांत धरणांच्या पाण्यावर ऊस, द्राक्षें, कांदा आणि नारायणगांवच्या बाजारीं जाणारा टोमॅटो. डोंगरावर भात, नाचणी व वरई; देवराया आणि हिरड्याचीं झाडें; उसांत बिबट्या, रानांत शेकरू. एका तालुक्याच्या हद्दींत अतिवृष्टि आणि अवर्षण, जंगल आणि बागाईत, धरण आणि तहान एकत्र नांदतात. असें असतां मुलास शाश्वततेचा पहिला धडा दूरच्या देशांतून आणून द्यावा, हें विहीर अंगणांत असून घागर घेऊन परगांवीं जाण्यासारखें आहे.

माझें पहिलें म्हणणें असें कीं, हा विषय प्राथमिक वर्गांत उपदेशाचा म्हणून न शिकवितां हिशेबाचा म्हणून शिकवावा. ‘पाणी वाचवा’ ही आज्ञा मुलाच्या एका कानांतून शिरते व दुसऱ्या कानांतून निघून जाते. त्याऐवजीं सरळ बाजूंचा एक रिकामा डबा अंगणांत उघड्यावर ठेवावा, आणि रोज सकाळीं ठरलेल्या वेळीं एका मुलानें फूटपट्टीनें त्यांतील पाणी मोजून फळ्यावर मांडावें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें, इतकें एकदां समजलें कीं चौथीचें मूल पुढचें गणित आपण होऊन करितें. शाळेचें छप्पर ६० चौरस मीटरांचें असेल आणि रात्रीं २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावरून १,५०० लिटर पाणी वाहून गेलें. तें कोठें गेलें? त्यानें जातांना काय नेलें? शाळेच्या नळास गळती आहे. ठिबकणाऱ्या पाण्यानें पाव लिटरचा पेला पाऊण तासानें भरतो कीं पाव तासानें? पाव तासानें भरत असेल तर दिवसाचें २४ लिटर झालें, आणि वर्षाचें ८,७६० लिटर. हा आंकडा मुलानें स्वतः काढला म्हणजे नळ घट्ट बंद करण्याविषयीं त्यास निराळें सांगावें लागत नाहीं. आणि चकती बदलून घेण्याविषयीं तें मोठ्या माणसांचीही पाठ सोडीत नाहीं.

याच हिशेबाचा दुसरा भाग पत्रव्यवहाराचा. आहुप्याच्या बाजूच्या एखाद्या शाळेनें आपला पावसाचा आंकडा दर आठवड्यास लोणी-धामणीकडील शाळेस कळवावा, व तिकडील मुलांनीं आपला कळवावा. दोन्ही शाळा आंबेगांव तालुक्यांतल्याच. एकाच आठवड्यांत आपल्याकडे डबा भरून वाहिला आणि तिकडे तळही ओला झाला नाहीं, हें जेव्हां मुलांच्या ध्यानांत येईल, तेव्हां भूगोल, भाषा व गणित हे तिन्ही विषय एकदमच शिकून होतील; आणि पाणी ही आपली एकट्याची मालमत्ता नाहीं हा संस्कार त्यांबरोबर कायमचा घडेल.

दुसरें म्हणणें असें कीं, आपल्या पूर्वजांनीं ठेवलेला दाखला मुलांच्या दृष्टीस आणावा. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. शिवनेरीवर मुलांची सहल जाते तेव्हां श्रीशिवछत्रपतींचें जन्मस्थान त्यांस दाखवितात, तें योग्यच आहे. परंतु त्याच किल्ल्यावरील गंगा-जमना हीं टाकीं दाखवितांना, कातळ फोडून पाऊस सांठविणारे ते लोक कोण होते, याचाही विचार मुलांपुढें ठेवावा. शिवनेरीच्या लेण्यांतील एका प्राचीन शिलालेखांत एका यवन दात्यानें पाण्याचीं दोन टाकीं दान केल्याची नोंद आहे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखांत करंजाचीं व वडाचीं झाडें लावण्यासाठीं जमिनीच्या उत्पन्नाची व्यवस्था लावून दिलेली आहे. सुमारें अठराशें-एकोणीसशें वर्षांपूर्वींचे हे लेख होत. ज्या दात्यानें वडासाठीं जमीन तोडून दिली, त्यास त्या वडाच्या पूर्ण विस्ताराखालीं बसावयास मिळणार नव्हतें, हें तो जाणून होता. शाश्वततेची याहून सोपी व्याख्या दहा वर्षांच्या मुलास कोणत्या शब्दांत सांगावी? शिवाय त्या काळीं रोपाबरोबर त्याच्या पोटापाण्याचीही तरतूद होत असे, हीं गोष्ट आजच्या वृक्षारोपण-समारंभांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे.

तिसरें म्हणणें शिक्षकांस उद्देशून आहे. डोंगरपट्ट्यांतील महादेव कोळी व इतर आदिवासी समाजांचें मूल शाळेंत येतें तें कोरी पाटी घेऊन येत नाहीं. कोणत्या पाल्याची भाजी पहिल्या पावसानंतर खावी, कोणत्या ओहळांत खेकडे सांपडतात, बाळहिरडा केव्हां झोडावा व कसा वाळवावा, हें त्यास आईबापांबरोबर हिंडून ठाऊक झालेलें असतें. दुर्गावाडीची किंवा आहुप्याची देवराई त्यानें पाहिलेली असते. तेथील वाळलेलें लांकूडही घरीं आणावयाचें नसतें, हा दंडक त्यानें पाळलेला असतो. पुण्याच्या माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास करून, देवाच्या नांवानें राखलेल्या या रानांत किती दुर्मिळ वनस्पति टिकून राहिल्या आहेत हें जगास दाखविलें. म्हणजे ज्या ज्ञानासाठीं शास्त्रज्ञ डोंगर चढून येतात, तें ज्ञान घरांतून घेऊन आलेल्या मुलास आपण ‘मागासलेलें’ समजून ‘वृक्ष आपले मित्र आहेत’ हें वाक्य दहा वेळां लिहावयास लावतों! ताराबाई मोडक यांनीं सन १९४५ मध्यें बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर तें वाढविलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच कुरणांत नेली, व तीस ‘कुरणशाळा’ असें नांव दिलें. मूल जेथें आहे तेथून शिक्षणास आरंभ करावा, हा त्या प्रयोगाचा धडा जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांस जितका लागू पडतो तितका दुसऱ्या कोठें क्वचितच पडेल.

यावर कोणी म्हणेल कीं, जुनें तें सगळेंच सोनें नव्हे. हें खरें आहे. भाताच्या रोपवाटिकेसाठीं झाडांच्या फांद्या तोडून जमीन भाजण्याची राबाची चाल डोंगरांत फार जुनी आहे, व तिच्यामुळें झाडांचीं डोकीं वर्षानुवर्षें छाटलीं जातात. परंतु येथेंही शहरांतून आलेल्या गुरुजींनीं मुलासमोर त्याच्या बापास अडाणी ठरवूं नये. राब कां भाजतात, तण मरतें तें कशानें, राखेनें रोपास काय मिळतें, एका वाफ्यास किती फांद्या लागतात, हें मुलांनीं घरीं विचारून यावें. नंतर डॉ. ना. कृ. सावंत यांनीं कोंकणांत रुजविलेल्या चारसूत्री भातशेतींत फांद्यांऐवजीं भाताच्या तुसाची राख व गिरिपुष्पाचा पाला कसा वापरतात, तें सांगून शाळेच्या अंगणांत दोन वाफे शेजारीं शेजारीं करून दाखवावेत. ज्यांत रोप चांगलें येईल त्याची साक्ष मूल घरीं आपण होऊन देईल. आज्ञेपेक्षां पुराव्याचा वशिला मोठा असतो.

आतां सर्वांत नाजूक विषयाकडे वळूं. बिबट्या हा या दोन तालुक्यांतील मुलांच्या परिसर अभ्यासांतील चित्रांतला प्राणी नव्हे. तो त्यांच्या शाळेच्या वाटेवरचा आहे. धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि दाट, थंड, वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या पिकांत बिबट्यास आसरा मिळाला. मादी उसांतच पिल्लें घालते. सन २००१ ते २००३ या काळांत जुन्नर परिसरांत माणसांवर अनेक हल्ले झाले; सन २०२५ च्या अखेरीस शेजारच्या शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड परिसरांत लहान मुलांचे बळी गेले. ज्या घरांतील मूल गेलें त्या घरापुढें ‘बिबट्या हाही निसर्गाचा घटक आहे’ हें वाक्य उच्चारणें निव्वळ निर्दयपणाचें आहे. म्हणून या विषयांत शाळेचें पहिलें कर्तव्य मुलांस सुरक्षित ठेवण्याचें आहे. पहांटे व दिवस मावळल्यावर एकट्यानें बाहेर पडूं नये. उसाच्या कडेला वाकून अथवा उकिडवें बसूं नये. चौघांनीं मिळून मोठ्यानें बोलत चालावें. शेरडें-करडें रात्रीं बंदिस्त गोठ्यांत ठेवावींत. हें पाढ्यांइतकें पाठ झालें पाहिजे.

परंतु एवढ्यावर थांबून चालणार नाहीं. भय तेवढें शिकविलें तर मूल उद्यां हातांत पलिता घेऊन उसास आग लावणाऱ्यांच्या घोळक्यांत उभें राहील. त्यास कार्यकारणाची सांखळी दाखविली पाहिजे: गांवाबाहेर उकिरडा वाढला कीं कुत्रीं वाढतात, कुत्र्यांमागें बिबट्या येतो. विद्या आत्रेय यांनीं जुन्नर परिसरांत केलेल्या संशोधनावरून असें दिसून आलें कीं, पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यानें त्रास मिटण्याऐवजीं वाढण्याचाच संभव अधिक. ऊसतोडींत सांपडलेलीं पिल्लें वनखात्याचीं व माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचीं माणसें सायंकाळीं पुन्हां त्याच जागीं ठेवतात, आणि बहुधा मादी येऊन त्यांस घेऊन जाते. डोंगरांतील गुराखी मुलें दिवाळीच्या आरंभीं वाघबारस साजरी करतात. वाघाशीं शेजार कसा ठेवावा याचा विचार त्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या केलेला आहे. हें सगळें मुलाच्या कानांवर पडलें, तर त्याच्या मनांतील भीतीस समजुतीची जोड मिळेल. शाश्वतता म्हणजे केवळ सुंदर वस्तूंवर प्रेम करणें नव्हे. जें आपणांस गैरसोयीचें व कधीं कधीं भयंकर आहे, त्याच्यासहही हिशेबानें राहणें, हा तिचा अवघड भाग आहे. व तो येथील मुलांस टाळतां येत नाहीं.

असाच दुसरा अवघड भाग माळीणचा. दिनांक ३० जुलै सन २०१४ रोजीं पहांटेनंतर आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व सुमारें दीडशें माणसें त्याखालीं गडप झालीं. अतिवृष्टि तर होतीच. उतारावरील सपाटीकरण व झाडांची तोड यांचीही चर्चा त्या वेळीं झाली. पुढें आमडें येथें गांवाचें पुनर्वसन करण्यांत आलें. ही हकीकत पहिली-दुसरीच्या मुलांपुढें मांडावी काय? माझ्या मतें मांडूं नये. डेव्हिड सोबेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानें सन १९९६ मध्यें असा इशारा दिला कीं, कोवळ्या वयांत पृथ्वीवरील संकटांचा भार मनावर घातला तर मुलास सृष्टीविषयीं ओढ वाटण्याऐवजीं तिची धास्ती वाटूं लागते. आधीं ओढ, मग काळजी, हा क्रम सोडूं नये. लहान मुलांनीं मातीचा ढीग करून त्यावर झारीनें पाणी घालावें. एका ढिगावर गवत लावावें, दुसरा उघडा ठेवावा, आणि गढूळ पाणी कोणत्या ढिगाखालून येतें तें पाहावें. चौथी-पांचवींत गेल्यावर, डोंगरास नवी भेग पडली, झाडें एकदम कलतीं झालीं किंवा झऱ्याचें पाणी अकस्मात् गढूळ झालें, तर ताबडतोब मोठ्यांस सांगावें, हें त्यांस शिकवावें. अशा ज्ञानानें भय वाढत नाहीं. हातांत कांहीं तरी उपाय आहे या जाणिवेनें तें उलट आंवरतें.

शेवटचें म्हणणें न्यायाविषयींचें. कुकडी प्रकल्पांत येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगें व डिंभें अशीं धरणें या दोन तालुक्यांत झालीं. त्यांचें पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदें, कर्जत, करमाळें येथपर्यंत जातें. डिंभें धरणाच्या जलाशयास याच तालुक्याच्या सुपुत्राचें, हुतात्मा बाबू गेनू यांचें नांव दिलेलें आहे. ज्या आंबेगांवावरून तालुक्याचें नांव पडलें तें गांव मात्र त्याच पाण्याखालीं गेलें, व तालुक्याचा कारभार घोडेगांवाहून चालतो. जलाशयाच्या वरच्या अंगास डोंगरांतील कित्येक वाड्यांत उन्हाळ्यांत बाया-मुलींस डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठीं हिंडावें लागतें. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथें अक्षरशः खरी होते. अशा वाडींतील मुलीस ‘पाणी जपून वापर’ असें सांगतांना शिक्षकाची जीभ अडखळली पाहिजे. ती एका हंड्यांत घर भागविते. जपून वापरणें काय असतें हें तिनेंच आपणांस शिकवावें. म्हणून शाळेंत घरोघरच्या पाण्याचा हिशेब मांडला जावा, तो मुलांस दोषी ठरविण्यासाठीं नव्हे, तर कोणाच्या वांट्यास किती येतें हें उघड्या डोळ्यांनीं पाहण्यासाठीं. यांत कोणाविषयीं द्वेष शिकवावयाचा नाहीं. खालच्या गांवच्या शेतकऱ्यासही पाणी हवेंच आहे. परंतु वांटणीचा प्रश्न लपवून ठेवलेलें पर्यावरण-शिक्षण हें अर्धेंच शिक्षण होय. आणि मोठ्यांनीं केलेल्या खर्चाची वसुली मुलांच्या उपदेशांतून करणें हा तर उघड अन्याय होय.

शिक्षकांवर आधींच कामांचा बोजा पुष्कळ आहे, दोन शिक्षकांनीं चार-पांच वर्ग सांभाळावयाचे तेथें हें नवें ओझें कोणी उचलावें, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर एवढेंच कीं, येथें नवा विषय कोणताच सुचविलेला नाहीं. पाऊस मोजणें हें गणित, पत्र लिहिणें ही भाषा, टाकीं पाहणें हा इतिहास, वाफे करणें हें कार्यानुभव. एकाच खोलींत निरनिराळ्या इयत्तांचीं मुलें बसतात तेथें तर हें काम अधिकच सोयीचें. पहिलीच्या मुलानें डबा आणावा, तिसरीच्यानें मोजावा, पांचवीच्यानें हिशेब करावा. वर्षाच्या अखेरीस जी वही तयार होईल ती पुढील वर्षाच्या मुलांच्या हातीं द्यावी. दहा वर्षें अशी वही चालली तर त्या गांवच्या ओढ्याचा, पावसाचा व झाडांचा जो इतिहास तींत लिहिला जाईल, तो दुसऱ्या कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं. आणि ग्रामसभेंत पाण्याचा प्रश्न निघेल तेव्हां पुढाऱ्यांच्या भाषणापेक्षां त्या वहीचें वजन अधिक पडेल.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं कित्येक उद्यां शिक्षक होतील, कित्येक शेतीं करतील, कांहीं अंमलदार होतील, आणि बहुतेक सर्व आईबाप होतील. प्राथमिक शाळेंतील मुलांस सृष्टि राखावयास सांगण्यापूर्वीं ती राखून ठेवण्याची जबाबदारी आपली आहे, हें विसरूं नका. मुलांच्या हातीं घोषणेचा फलक देणें सोपें आहे. खरीखुरी वही देणें, व तींत जो हिशेब निघेल तो निमूटपणें वाचणें, हें कठीण आहे. करंज व वड यांसाठीं जमीन तोडून देणाऱ्या त्या दात्याचा दगडांतील लेख आपल्याच डोंगरांत अजून शाबूत आहे. आपल्या पिढीच्या नांवावर जमेच्या बाजूस काय लिहिलें जाईल, याचा विचार ज्याचा त्यानें करावा.